एका पेटीत सोळा वादक

ध्वनीचा धडा शिकवताना आपण तीन गोष्टी सांगतो: नादाची उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. संगीताच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना ही तिन्ही नावे तोंडपाठ असतात. सनईचा सा आणि सतारीचा सा एकाच उंचीचे असले, सारख्याच जोराने वाजले, तरी डोळे मिटून ऐकणारा दोन्ही वेगळे ओळखतो, ते या 'जाती'मुळे. मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे उपस्वर उठतात. त्यांचे आपापसातले प्रमाण आणि नाद सुरू होतानाची व विरतानाची त्यांची चाल प्रत्येक वाद्यात निराळी असते.

इंग्रजीत या जातीला 'टिंबर' म्हणतात. संगणकावर संगीत तयार करणारी मंडळी 'मल्टिटिंब्रल' वाद्याबद्दल बोलतात, ते त्यावरूनच. एकच वाद्य, पण त्यातून एकाच वेळी बासरी, सतार, तबला असे भिन्न नाद निघतात. मराठीत त्याला 'बहुजातीय' म्हटले तर भलताच अर्थ निघायचा, म्हणून आपण 'बहुनादी' म्हणू या. हे वाद्य आता लाकडाचे किंवा पत्र्याचे असण्याची गरज उरलेली नाही. तो संगणकातला एक कार्यक्रम असतो. पण ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिचा एक टप्पा पुण्याच्या रंगभूमीवरून जातो.

पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबॅं याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. धातूच्या पातळ पट्टीवरून हवा सोडली की ती कंप पावते, या साध्या तत्त्वावर हे वाद्य चालते. या पट्ट्यांना आपले कारागीर 'सूर' म्हणतात. युरोपातल्या पेट्यांमध्ये सुरांचे एकाहून अधिक संच असत. कोणता भारदस्त, कोणता तीक्ष्ण. समोरच्या खुंट्या ओढून हवा तो संच चालू करायचा. गंमतीचा भाग असा, की या खुंट्या बहुधा निम्म्या-निम्म्या असत. डावीकडची खुंटी खालच्या अर्ध्या पट्टीपुरती आणि उजवीकडची वरच्या अर्ध्या पट्टीपुरती. त्यामुळे डाव्या हाताला एका जातीचा नाद आणि उजव्या हाताला दुसऱ्या, असे एकाच वेळी मिळे. बहुनादी वाद्याचा हा साधासुधा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

ही पेटी भारतात आली आणि बदलली. आपल्याकडे वादक जमिनीवर बसतो, त्यामुळे पायाचा भाता गेला आणि हाताचा आला. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असा हातपेटीचा घाट रुळवला. एक हात भात्यात गुंतल्यावर वाजवायला एकच हात उरला आणि अर्ध्या खुंट्यांना अर्थच राहिला नाही. खर्ज, नर, मादी असे सुरांचे संच मात्र टिकले. त्यांतले दोन किंवा तीन एकदम चालू केले, की एका पट्टीवर बोट ठेवताच सगळे मिळून बोलतात. आवाज अनेक, पण हुकूम एकच. खर्जाने एक ओळ वाजवावी आणि नराने दुसरी, हे या पेटीत होत नाही. पुढे जे काही घडले त्याचे मर्म या फरकात आहे असे आम्हाला वाटते. एखादे वाद्य बहुनादी आहे की नाही हे ठरवताना किती आवाज निघतात हे मोजून भागत नाही. त्यातल्या प्रत्येक आवाजाला स्वतंत्र हुकूम देता येतो का, ते पाहावे लागते.

आता पुण्याकडे वळू. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात रंगभूमीवर आले. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत संगीत नाटक महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले आणि पेटी नाटकाची सोबतीण झाली. १९११ च्या 'मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. १९१३ साली बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. या मंडळींच्या साथीत पायाने चालणारा ऑर्गन येऊन बसला. ऑर्गनही सुरांचाच, पण त्यात भाता हवा बाहेर ढकलत नाही, आत ओढून घेतो. त्यामुळे नाद मऊ आणि गोलसर होतो. दोन्ही हात मोकळे, पुढ्यात खुंट्यांची रांग. थिएटर भरून टाकणारा, गायकाच्या आवाजाला भरीव पाठ देणारा तो नाद आजही नाट्यसंगीताची खूण मानला जातो.

पण या ऑर्गनशेजारी कोण बसत होते, तेही पाहावे. सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा. नाना प्रकारचे नाद देणारा ऑर्गन हाताशी असताना सारंगीची गरज का पडावी? ऑर्गनच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नसते, आणि बालगंधर्वांच्या गळ्यातली मींड तर त्या मधल्या जागेतूनच जात होती. सारंगी त्या वाटेने गळ्यामागून जाऊ शके, ऑर्गनला ते शक्य नव्हते. भरीवपणा एकाने द्यायचा आणि लवचीकपणा दुसऱ्याने, अशी ती वाटणी होती.

या मधल्या जागेवरून त्याच सुमारास वाद पेटला होता. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. हिंदुस्थानी स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून निघाले. गवयांच्या गळ्यातले स्वर मोजून पाहण्याचा त्यांनी प्रयत्न केला. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची त्यांना मदत झाली. पेटीचे स्वर आणि आपले स्वर जुळत नाहीत, हे त्यांचे म्हणणे होते. ई. क्लेमंट्स नावाचे सनदी अधिकारी त्यांच्या बाजूला आले आणि श्रुतींप्रमाणे सूर लावलेली पेटी इंग्लंडमध्ये बनवून घेतली गेली. १९१६ साली बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या पेटीवर बरीच खडाजंगी झाली. पेटी काही रुळली नाही. रुळली ती जुनी बारा स्वरांचीच. मग १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदीच घातली. ती १९७१ मध्ये अंशतः उठली. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले, म्हणजे त्याची पहिली अठरा वर्षे या बंदीच्या छायेत गेली. ज्या शहरात पेटीच्या साथीने पदे म्हणत माणसे मोठी झाली, तिथे ही बंदी किती जणांना पटली असेल, याची शंकाच आहे.

देवलांचा आक्षेप वर्गात आकडे मांडून तपासता येतो. सा २४० हर्ट्झचा धरू. शुद्ध गंधार पाच-चतुर्थांश पटीचा, म्हणजे ३०० हर्ट्झ. पेटी मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग करते आणि तिचा गंधार सुमारे ३०२.४ हर्ट्झवर येतो. फरक अडीच हर्ट्झसुद्धा नाही, कोणाला कळणार? पण मागे तंबोरा चालू असतो. त्याच्या खर्जाच्या तारेची कंप्रता १२० हर्ट्झ असली, तर तिचा पाचवा उपस्वर ६०० हर्ट्झचा. यालाच गवई स्वयंभू गंधार म्हणतात. पेटीच्या गंधाराचा दुसरा उपस्वर सुमारे ६०४.८ हर्ट्झचा. दोघे एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ पाच विस्पंदे ऐकू येतात. देवलांना खटकत होती ती ही थरथर.

पन्नास वर्षांनी याच प्रश्नाने वेगळे रूप घेतले. १९५७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाला सतरा सेकंदांची एक धून वाजवायला लावली. त्यांच्या कार्यक्रमाच्या पुढच्या आवृत्त्यांत एक मोठी सोय होती: 'वाद्यवृंद' एका भागात लिहायचा आणि 'स्वरलिपी' दुसऱ्या भागात. कोणती वाद्ये कशी घडवायची ते पहिल्यात, कोणी केव्हा काय वाजवायचे ते दुसऱ्यात. म्हणजे संगणकातले वाद्य जन्मापासूनच बहुनादी होते. अडचण वेगाची होती. मिनिटभराच्या संगीतासाठी यंत्राला कितीतरी वेळ आकडेमोड करावी लागे, त्यामुळे मैफलीत बसून वाजवणे सोडूनच द्यायचे.

तोवर सिंथेसायझर बाजारात आले. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलॅंड कंपनीची तीन यंत्रे जोडून दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. एक यंत्र स्वरांचे, एक खर्जाचे आणि एक तालाचे; तीन जाती, म्हणून तीन यंत्रे. त्या काळी ती मुद्रिका फारशी कोणी ऐकली नाही. पुढच्या शतकात युरोपातल्या संग्राहकांनी ती शोधून काढली, आणि मग आपल्यालाही तिचे कौतुक वाटू लागले. हा क्रम आपल्या ओळखीचाच आहे.

जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखवली गेली. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ठरलेली ही बोली म्हणजे 'मिडी'. तारेतून आवाज जात नाही, हुकूम जातात. हुकूम पोस्टकार्डासारखा असतो: कोणत्या घरी द्यायचे, कोणती पट्टी दाबायची, किती जोराने. घराच्या पत्त्यासाठी चार बिटे राखून ठेवली. प्रत्येक बिट शून्य किंवा एक, म्हणून दोनाचा चौथा घात, म्हणजे सोळा घरे. या घरांना 'चॅनल' म्हणतात. सोळा हा आकडा संगीतातून आलेला नाही, तो पत्त्यासाठी ठेवलेल्या जागेतून आला. तारेचा वेग सेकंदाला ३१,२५० बिटे. एका स्वराच्या हुकमाला तीस बिटे लागतात, म्हणजे साधारण एक सहस्रांश सेकंद. सोळा जणांनी समेवर एकदम यायचे ठरवले, तर शेवटचा पंधरा सहस्रांश सेकंद मागे राहतो. तबलजींच्या कानांना ते जाणवू शकते.

आता एकाच पेटीत सोळा घरे मांडायला वाट मोकळी झाली. सिक्वेन्शियल कंपनीच्या १९८४ च्या 'सिक्स-ट्रॅक'मध्ये एका वेळी सहाच स्वर वाजत, पण सहाही वेगळ्या जातीचे असू शकत आणि प्रत्येकाला वेगळा हुकूम पोचे. दबॅंच्या अर्ध्या खुंटीचा हा पुढचा अवतार. १९८७ च्या रोलॅंड एमटी-३२ मध्ये आठ वाद्ये आणि एक तालवाद्यांचा संच होता. पण सगळ्यांची पुंजी एकत्र कुटुंबासारखी सामाईक, फक्त ३२ नादघटकांची. एका स्वराला एकापासून चारपर्यंत घटक लागत. सगळ्यांनी चार-चार घ्यायचे ठरवले, तर एका वेळी आठच स्वर वाजणार.

१९९१ साली 'जनरल मिडी' नावाचे प्रमाणपत्रक ठरले: १२८ नादांची क्रमवार यादी, सोळा चॅनल, आणि त्यांतला दहावा तालवाद्यांसाठी राखीव. या यादीत १०५ व्या क्रमांकावर सतार आणि ११२ व्या क्रमांकावर सनई आहे. तालवाद्यांत बोंगो, कोंगा, त्रिकोण, इतकेच काय शिट्टीसुद्धा आहे. तबला नाही. यादी करणाऱ्यांना सतारीचा नाद रंग म्हणून हवा होता. ज्या वाद्याच्या बोलांवर आपले सारे संगीत उभे आहे, ते त्यांच्या नजरेत आले नाही. यात कट शोधण्याचे कारण नाही. पण प्रमाणे ठरवली जातात त्या खोलीत आपले कोणी नसले की काय होते, हे दाखवायला इतके सोपे उदाहरण क्वचित सापडते.

यादीत तबला नसल्याने अडचण झालीच, पण त्याहून मोठी अडचण मिडीच्या मुळातच होती. मिडीत स्वर वरखाली सरकवण्याचा हुकूम आहे. तो मधल्या जागेपासून साधारणपणे दोन अर्धस्वर वर आणि दोन खाली जातो, आणि त्यासाठी १६,३८४ पायऱ्या असतात. आपला ३०२.४ चा गंधार ३०० वर आणायचा तर सुमारे ५६१ पायऱ्या खाली उतरायचे. देवलांनी इतकी बारीक मोजपट्टी पाहून आनंदच मानला असता. पण हा हुकूम एका स्वराला मिळत नाही. तो त्या चॅनलवर वाजणाऱ्या सगळ्या स्वरांना लागू होतो. गंधाराबरोबर त्याच चॅनलवर पंचम वाजत असेल, तर तोही तितकाच उतरतो. खरा पंचम ३६० हर्ट्झचा. पेटीचा ३५९.६, म्हणजे जवळजवळ बरोबर. तो आता ३५६.८ वर येतो आणि तंबोऱ्याशी सेकंदाला तीन विस्पंदे देऊ लागतो. गंधार सुधारताना पंचम बिघडला.

बहुनादी वाद्याचा आपल्याला खरा उपयोग आहे तो इथे. दोन चॅनलांवर एकच नाद लावायचा, गंधार एकावर आणि पंचम दुसऱ्यावर. वेगवेगळ्या जाती मिळाव्यात म्हणून केलेली सोय आपण वेगवेगळ्या उंचीसाठी वापरायची. पाश्चात्त्य गिटारवादकांनी हे आधीच ओळखले होते. सहा तारांना सहा चॅनल देण्याची पद्धत मिडीत पहिल्यापासून होती. सतारीत बाजाच्या तारेला एक चॅनल आणि चिकारीला दुसरा दिला नाही, तर मींड घेताना चिकारीही सोबत ओढली जाते.

तबल्याचे उदाहरण तर वर्गात वाजवून दाखवण्यासारखे आहे. 'धा' म्हणजे तबल्यावरचा 'ना' आणि डग्ग्यावरचा 'गे' एकत्र. डग्ग्यावर मनगट सरकवून घुमारा काढला, तर उतार-चढाव फक्त 'गे'चा व्हायला हवा. 'ना' तंबोऱ्याच्या सा ला धरून स्थिर राहिला पाहिजे. संगणकात दोन्ही एकाच चॅनलवर असतील, तर डग्ग्याबरोबर तबलाही घसरतो आणि साथ ऐकणारा अस्वस्थ होतो, मग कारण त्याला सांगता येवो न येवो. तबला आणि डग्गा यांना दोन चॅनल दिले की प्रश्न मिटतो. 'धा'चे एकत्रच ध्वनिमुद्रण केलेले असेल, तर मात्र काही करता येत नाही.

१९९६ साली स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने संगीताच्या सॉफ्टवेअरला बाहेरचे कार्यक्रम जोडण्याची 'व्हीएसटी' ही पद्धत आणली. १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून पूर्ण वाद्येच अशी जोडता येऊ लागली. मॅथ्यूज यांचा वाद्यवृंद आता बोट ठेवताक्षणी वाजत होता. अशा बहुनादी सॉफ्टवेअरची खिडकी उघडली की बहुधा रांगांची यादी दिसते. प्रत्येक रांगेत तीन गोष्टी ठरवायच्या: नाद कोणता, हुकूम कोणत्या चॅनलवरून घ्यायचा, आणि निघालेला आवाज कोणत्या वाटेने बाहेर सोडायचा. तिसरी गोष्ट नवशिके विसरतात. सगळे नाद एकाच वाटेने बाहेर पडले, तर तंबोरा तेवढा मंद करणे किंवा बासरीलाच घुमारदारपणा देणे नंतर शक्य होत नाही.

संगणकांची स्मृती वाढल्यावर अनेकांनी एका वाद्यात सोळा रांगा भरण्याऐवजी त्याच वाद्याच्या सोळा वेगळ्या प्रती उघडायला सुरुवात केली. हे समजायला सोपे, आणि एक प्रत बिघडली तर बाकीच्या चालू राहतात. पण शाळेच्या प्रयोगशाळेतला संगणक जुना असेल, तर एका प्रतीत चार-पाच रांगा हाच मार्ग आम्हाला बरा वाटतो. तंबोरा, पेटी, तबला, डग्गा आणि बासरी. स्नेहसंमेलनाच्या एका गाण्याला आणखी काय हवे? पेटीला एकच चॅनल पुरतो. ती मींड घेतच नाही.

या सगळ्याची किंमत कोणी मोजली, तेही सांगायला हवे. हिंदी चित्रपटांच्या मुंबईतल्या वाद्यवृंदांत अनेक वर्षे गोव्याचे कलावंत होते. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावे जाणकारांना परिचित आहेत. पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांचा अकॉर्डियन ध्वनिमुद्रिकांवरून घरोघरी पोचला. अकॉर्डियनही सुरांच्या संचांचेच वाद्य, आणि त्यात तर डाव्या व उजव्या हाताचे नाद पूर्ण वेगळे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत मोठा वाद्यवृंद एकत्र बसवून ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत जवळजवळ संपली. त्याला अनेक कारणे होती, पण एका खोलीत बसून एकट्याने सोळा ओळी लिहिता येणे हे त्यांतले ठळक कारण. पन्नास जण बसत होते तिथे एक जण बसू लागला. त्या एकाला स्वस्तात पुष्कळ काही मिळाले. बाकीच्या एकोणपन्नासांच्या हातातले कसब पुढच्या पिढीला शिकवण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली, आणि हे नुकसान आम्हाला पैशांच्या नुकसानीपेक्षा मोठे वाटते.

देवलांचा प्रश्न मात्र पुरता विझला नाही. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली, तीत पट्टीखालच्या खुंटीने स्वराचे दुसरे स्थान निवडता येते. मिडीच्या बाजूने पाहिले, तर प्रत्येक स्वराला तात्पुरता स्वतःचा चॅनल देण्याची रीत २०१८ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली गेली, आणि २०२० च्या 'मिडी २.०'मध्ये एकेका स्वराला स्वतंत्रपणे सरकवण्याचा हुकूमच आला. चॅनलही सोळाचे २५६ झाले.

तरीसुद्धा संगणकातली सतारीची लांब मींड कानाला खोटी का वाटते? इथे पुन्हा आपण नादाच्या जातीपाशी येतो. खऱ्या सतारीत तार ओढली की तारेची कंप्रता बदलते, पण भोपळा आणि दांडी तीच राहतात. त्यांना आवडणाऱ्या कंप्रता जागच्या हलत नाहीत. मींड वर जाताना तारेचे उपस्वर या स्थिर जागांवरून सरकत जातात, म्हणून जातही क्षणोक्षणी थोडी थोडी बदलते. ध्वनिमुद्रित नाद सरकवणारे सॉफ्टवेअर मात्र तारेबरोबर भोपळाही सरकवते, जणू वाजता वाजता सतार लहान होत गेली. ध्वनिमुद्रित बोलणे वेगाने वाजवले की माणसाचा आवाज कार्टूनसारखा येतो, त्याचे कारणही हेच. मोबाइलवर विद्यार्थ्याचे एक वाक्य मुद्रित करून, वेग आणि उंची दोन्ही वाढवून, हा फरक वर्गात ऐकवता येईल. आधी एक अर्धस्वर वाढवावा, मग तीन, मग पाच. आवाज कितव्या पायरीवर ओळखू येईनासा होतो, ते मुलांनी प्रत्येकाने वेगळे लिहून काढावे.